महास्फोट आणि काळूरामदादांचा बैल

विश्वाची सुरुवात कशी झाली हे नववीच्या वर्गाला नीट कळावं, म्हणून मी एकदा शाळेच्या मैदानात सुतळी बॉम्ब लावला. वर्गाला त्यातून किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण कुंपणापलीकडच्या खळ्यावर मळणीला जुंपलेला काळूरामदादांचा बैल दोरी तोडून जो पळाला, तो थेट जंगलात.

वाशिंदच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून हे लिहिताना मला हसू आवरत नाही. शेजारी नात बसलीय. ती म्हणते, "आजी, तुला सस्पेंड नाही केलं?" नाही केलं बाई. किन्हवलीच्याही पुढे, एसटी जिथे वळून परत फिरायची तिथल्या शाळेत भूगोल शिकवायला दुसरं कोणी येत नव्हतं, हीच माझी सगळ्यात मोठी पात्रता होती.

मला तेव्हा बघायला हवं होतं तुम्ही. नुकतंच बी.एड. झालेलं, कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा, आणि जगात मला माहीत नाही असं फारसं काही उरलेलं नाही ही खात्री. शहापूरहून रोज एसटीने यायची आणि खिडकीतून बाहेर बघताना वाटायचं, बिचारी ही गावं, माझी वाट बघतायत. गावं भात कापत होती. माझ्याकडे मान वर करून बघायलाही कोणाला सवड नव्हती.

भूगोलाच्या बाईचं काम काय असतं, ते बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. मराठीच्या बाई कविता म्हणून दाखवतात, गणिताचे सर फळ्यावर गणित सोडवून दाखवतात. भूगोलात जे शिकवायचं ते वर्गात आणताच येत नाही. समुद्र कसा आणणार? पृथ्वीचा गाभा कसा आणणार? आमच्याकडे एक पृथ्वीचा गोल होता, त्याचा अंटार्क्टिका उंदरांनी खाल्ला होता. त्यामुळे आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कित्येक मुलांच्या मते पृथ्वीला खालून भोक आहे. तर अशा धंद्यात एकच भांडवल चालतं, 'हे असं समजा' म्हणण्याचं. लिंबू घ्या, समजा ही पृथ्वी. कंदील घ्या, समजा हा सूर्य. आणि विश्वाचा आरंभ शिकवायचा असेल तर काय घ्यायचं?

पुस्तकात सूर्यमालेच्या उत्पत्तीवर एक परिच्छेद होता आणि विश्वाच्या उत्पत्तीवर त्याच्या शेपटाला दोन वाक्यं. मी कॉलेजात असताना यावर जाडजूड वाचलेलं. दोन वाक्यांत विश्व उरकायचं माझ्या जिवावर आलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती उघडली होती. घरी भावाच्या फटाक्यांतला एक सुतळी बॉम्ब उरला होता. तो मी पर्समध्ये घातला, डबा नि एसटीचा पास यांच्या मधोमध, आणि एसटीत अगदी शहाण्यासारखी बसून आले.

मैदानात वर्ग गोल उभा केला. बॉम्बवर डालड्याचा रिकामा डबा उपडा घातला. "मुलांनो, आधी काहीच नव्हतं. सगळं विश्व एका टिंबात होतं. आणि मग..." मी वात पेटवून पळाले. पळताना एक चप्पल मागे राहिली, हे पुढची कित्येक वर्षं मुलं माझ्या आधी सांगायची.

आवाज खरोखर चांगला झाला. डबा उंच गेला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी हात पसरून म्हणाले, "याच्या कोट्यवधी पट मोठा!" तेवढ्यात कुंपणापलीकडून बायामाणसांचा ओरडा ऐकू आला. आमच्याकडे दिवाळी आणि भाताची मळणी एकाच हंगामात येते. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाभोवती बैल गोल गोल फिरतात, त्यांच्या पायाखाली पसरलेल्या पेंढ्यांतून दाणा सुटतो. कुंपणाच्या पलीकडे हे चाललेलं असतं, ते मला रोज दिसत होतं. पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यात माझ्या बाबतीत तेव्हा बरंच अंतर असायचं.

काळूरामदादा कुंपणाच्या फटीतून आत आले. हातात तुटलेली दोरी.

"बाई, ह्यो काय होता?"

"महास्फोट," मी म्हणाले. शप्पथ, असंच म्हणाले. "विश्वाचा जन्म शिकवत होते."

दादांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमचा विश्व जल्माला आला बाई, पन माझा बैल गेला."

नववीचा सगळा वर्ग हसला. एक मुलगी सोडून. ती त्यांची मुलगी होती, सुमन.

हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. ते शांत माणूस. म्हणाले, "बाई, अभ्यासक्रमात स्फोट आहे. सुतळी बॉम्ब नाही." मी खाली मान घालून उभी. त्यांनी मग हळूच विचारलं, "डबा किती वर गेला?"

आता एक शास्त्रीय कबुलीही देऊन टाकते, कारण ही लाज जास्त मोठी आहे. माझा बॉम्ब चुकीच्या जागी फुटलाच, शिवाय तो चुकीचं शिकवूनही गेला. बॉम्ब कुठेतरी फुटतो. त्याच्या खाली जमीन असते, वर आभाळ असतं, बाजूला कोणाचा तरी बैल असतो. महास्फोटाला शेजारच नव्हता. तो रिकाम्या मैदानात झालेला धडाका नाहीच. मैदानच ताणत गेलं, आणि अजून ताणतंय. पुढे मी हे फुग्यावर शिकवू लागले. माझ्या टिकल्यांचं पाकीट घ्यायचं, थोड्या फुगलेल्या फुग्यावर टिकल्या चिकटवायच्या आणि फुगा फुगवत जायचा. प्रत्येक टिकली दुसरीपासून लांब जाते. कुठल्याही टिकलीला विचारा, ती म्हणेल मीच मधोमध, बाकीच्या मला सोडून चालल्यात. मुरबाडच्या शाळेत बदली झाल्यावर तिथल्या एका मुलीने यावर लिहिलं होतं, "विश्व हे फुग्यासारखे असून त्यावर बाईंच्या टिकल्या आहेत." मी पूर्ण गुण दिले.

आणि महास्फोटाच्या त्या जुन्या धगीची ऊब अजून सगळीकडे पसरलेली आहे हे सांगायला जुना टीव्ही उपयोगी पडायचा. चॅनल लागत नसलं की पडद्यावर मुंग्या यायच्या ना, त्या मुंग्यांतला अगदी थोडा अंश त्या पहिल्या उजेडाचा असतो. हे ऐकून मुलं घरी जाऊन मुद्दाम अँटेना फिरवायची आणि बापाचा मार खायची. विज्ञानासाठी त्यांनी एवढं सोसलं. आता टीव्हीला मुंग्या येत नाहीत, माझं एक साधन गेलं.

असो. बैलाकडे येते.

बैल तिसऱ्या दिवशी आपणहून परत आला, पण पुढचा पाय उचलून. खुरात खोल काही रुतलं होतं. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा हंगाम याला जुंपू नका. एका बैलाने मळणी होत नाही आणि त्या दिवसांत कोणाचा बैल उसना मिळत नाही, कारण सगळ्यांची खळी एकदमच चालू असतात. वर आभाळ मळभट. रचून ठेवलेल्या भाऱ्यांवर अवेळी पाऊस पडला तर दाण्याला कोंब येतात. काळूरामदादांनी भात हाताने झोडायला घेतला. एक एक पेंढी उचलायची आणि लाकडावर आपटायची. त्याला माणसं लागतात. सुमन शाळेत यायची बंद झाली.

तुम्ही म्हणाल, हंगाम संपला की येईल. मलाही तसंच वाटलं होतं. मग हेडसरांनी हजेरीपटावरची आधीच्या वर्षांची नावं दाखवली. झोडणीला, लावणीला, धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून थोड्या दिवसांसाठी घरी राहिलेल्या मुली. एकही परत आली नव्हती. घर एकदा मुलीच्या दोन हातांना सवकलं की ते हात शाळेत बसवून ठेवणं कोणालाच परवडत नाही. त्या वर्षी नववीत मुली होत्या तीन. सुमन त्यातली.

आणि सुमन साधी मुलगी नव्हती, माझं डोकं खाणारी होती. मी तेजोमेघ शिकवला, म्हणजे वायू आणि धुळीचा प्रचंड ढग स्वतःच्याच वजनाने आत आत कोसळला, गरगरत चपटा झाला, मधे सूर्य पेटला आणि कडेच्या मालातून ग्रह बनले. सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवलं. सुमनचा हात वर. "बाई, ढग आधी गप होता, मग फिराला का लागला?" मी जुना दुसरा सिद्धांतही शिकवला, की एक परका तारा सूर्याच्या फार जवळून गेला आणि त्याने सूर्यातून एक लोळ ओढून काढला, त्याचे ग्रह झाले. हा सिद्धांत शास्त्रज्ञांनी केव्हाच मोडीत काढलाय, पण मुलांना तोच आवडतो. त्यात पळवापळवी आहे. सुमनने विचारलं, "तो तारा परत आला तं?" आणि महास्फोटाच्या आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "बाई, त्या टिंबाच्या आधी काय होता?" त्यावर मी, विश्वाची अधिकृत प्रवक्ती, म्हणाले होते, "खाली बस."

रविवारी मी काळूरामदादांच्या खळ्यावर गेले. एसटीत भाषण तयार केलं होतं. मुलींचं शिक्षण, देशाची प्रगती, सगळं. पहिलं वाक्य सुरू केलं आणि सुमनची आई, बारकीवहिनी, मधेच म्हणाली, "बाई, भाषण मंगारी. आधी पदर खोचा."

मी पदर खोचला. वहिनीने हातात पेंढी दिली. मी ती लाकडावर आपटली. दाणे काही पडले नाहीत, पेंढीच हातातून निसटून पडली.

"गो बाई, भाताला मारताय का कुरवाळताय?"

"सवय नाही वहिनी."

"ती दिसतेच. आमच्या बैलाला पन आवाजाची सवय नव्हती."

दादा माझ्याकडे न बघता पेंढी आपटत होते. ते वहिनीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले, मानेला कुसळं टोचून आग आग झाली, आणि इस्त्रीचं जे काय झालं ते साडीने आयुष्यभर लक्षात ठेवलं. पण झोडता झोडता मी सुमनला बुडलेले धडे सांगत होते. पेंढी वर नेताना प्रश्न, खाली आणताना उत्तर. अशा तालावर मी नंतर कुठल्याही वर्गात शिकवलं नाही. सोमवारपासून शाळा सुटली की मी खळ्यावर, शेवटच्या एसटीपर्यंत. शहापूरला आई विचारायची, "शाळेत शेतकी सुरू केली का गं?"

मग आली उपणणी. वारा चांगला सुटला होता. काळूरामदादा तिवईवर उभे राहिले, भाताने भरलेलं सूप डोक्याच्या वर धरलं आणि हळूहळू ओतू लागले. भरलेला दाणा सरळ पायाशी पडत होता. हलकी फोलपटं वाऱ्यावर लांब जाऊन पडत होती. जड जवळ, हलकं लांब. मी हातातला झाडू टाकला आणि किंचाळले, "सूर्यमाला!"

वहिनी दचकली. "आता काय फुटला?"

"काही नाही फुटलं वहिनी! हे बघा, सूर्य इथे, दादांच्या जागी. त्याच्या जवळ एवढी आग, की तिथे फक्त दगड आणि धातू टिकले. बुध, शुक्र, आपली पृथ्वी, मंगळ, सगळे दगडाचे, जड. आणि हलका माल, वायू, बर्फ, ते लांबच्या थंडीत राहिलं. तिथे गुरू, शनी झाले. जड जवळ, हलकं लांब!"

दादांनी सूप खाली घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "म्हंजी आपन दान्यात का फोलपटात?"

"दाण्यात, दादा."

"बरा हाय," म्हणाले आणि पुन्हा सूप उचललं.

सुमन मात्र तिथेच उभी. "पन बाई, आपला वारा येकाच बाजूशी येतो. सूर्याची आग तं सगल्या बाजूला जाल ना? मंग फोलपटा चारी बाजूला पडाला पायजेत."

कारटीचं बरोबर होतं. माझा नवा कोरा शोध अर्ध्या मिनिटात दुरुस्त झाला. मला रागही आला आणि रडूही. ही मुलगी उद्यापासून आयुष्यभर पेंढ्याच उचलणार, आणि ते माझ्या एका सुतळी बॉम्बमुळे, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात नीट शिरलं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "चारी बाजूंनी. म्हणून हलका माल सूर्याच्या एकाच बाजूला नाही, लांबवर त्याच्याभोवती सगळीकडे राहिला."

तिने संधी सोडली नाही. "आनि टिंबाच्या आधी काय होता?"

खळ्यावर सगळे थांबले. वहिनीसुद्धा. मी चष्मा पुसला. "माहीत नाही, सुमन. मलाही नाही आणि अजून कोणालाच नाही. शोधतायत."

"कोनालाच नाय?" दादांनी तिवईवरून विचारलं.

"नाही."

"मंग तुमी पगार कशाचा घेता?"

"कुठपर्यंत माहीत आहे आणि कुठून पुढे माहीत नाही, ते मुलांना दाखवायचा घेते दादा."

दादा हसले नाहीत. पण वहिनी पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिच्या सुपातला भात सांडला.

मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली. त्यात प्लुटो ग्रह होता तो ग्रह राहिला नाही. एका मुलाने मला विचारलं, "बाई, त्याला काढला तं त्याचे मार्क गेले का?" विश्वाचं वय पुस्तकात बदललं. आधी शिकवलेलं पुसून नवं शिकवलं, आणि पगार तोच. माझी नात आता फोनवर अवकाशात सोडलेल्या नव्या दुर्बिणीने काढलेली आकाशगंगांची चित्रं दाखवते आणि म्हणते, "आजी, हे बघ, शास्त्रज्ञ गोंधळलेत." मी म्हणते, छान झालं. गोंधळलेले असले की कामाला लागतात. मला वाईट एवढंच वाटतं, की 'माहीत नाही' हे शब्द मी त्या खळ्यावर शिकले, बी.एड.ला शिकवले असते तर पुष्कळ मुलांना मी 'खाली बस' म्हटलं नसतं. आणि हजेरीपटावरच्या त्या बाकीच्या मुलींच्या दारी मी कधी गेले नाही. त्यांचे बैल मी पळवले नव्हते, म्हणून.

झोडणी संपली. भात घरात गेला, आभाळही न बरसता निघून गेलं. शेवटच्या दिवशी निघताना मी दादांना विचारलं, "सुमनला पाठवाल ना?"

"बघू," ते म्हणाले.

आमच्या भागात 'बघू' म्हणजे काय, ते इथल्या कोणालाही विचारा. मुलीच्या स्थळाला, उसनवारीला, मतं मागायला आलेल्याला, सगळ्यांना 'बघू' म्हणतात आणि त्यानंतर कोणी बघत नाही. मी एसटीत बसले ती खिडकीकडे तोंड करून.

सोमवारी सुमनची जागा रिकामी. मंगळवारीही. बुधवारी मी वर्गात अक्षांश-रेखांश शिकवत होते, म्हणजे तोंडाने शिकवत होते, डोळे दाराकडे होते. गुरुवारी दारावर सावली पडली. काळूरामदादा उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, केसांना तेल. बाजाराला निघाल्यासारखे नव्हते, कुठेतरी रीतसर जायला निघाल्यासारखे. त्यांच्या मागे सुमन, दोन वेण्या, छातीशी दप्तर.

सगळा वर्ग उठून उभा राहिला. मी हातातला खडू ठेवून दाराकडे निघाले. दादांनी सुमनला हाताने आत ढकललं, ती तिच्या जागेवर जाऊन बसली, आणि तिने लगेच पुस्तक उघडलं, जणू कालच बंद केलं होतं. दादा उंबऱ्यावरच थांबले. टोपी काढून हातात घेतली. मग सगळ्या वर्गासमोर, अगदी गंभीर तोंडाने मला म्हणाले:

"बाई, फुडला धडा ज्वालामुखीचा हाय, मी पोरीला इचारून घेतलाय. कवा शिकवनार ता आदल्या दिशी तिच्याकडं सांगून धाडा. मी बैला घेऊन डोंगरावर जाईन, मंग तुमी काय ता उडवा."